आशाबाईंच्या नाट्यगीतांची जुनी तबकडी: शोधायची कशी, धुवायची कशी, ऐकायची कशी

गिरगावातली आत्याची चाळ पुनर्विकासाला गेली, तेव्हा माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली आली. वर दिवाळी अंकांची चळत आणि तळाशी जुन्या गोधडीत गुंडाळलेल्या अकरा तबकड्या. त्यातली एक आशा भोसले यांच्या नाट्यगीतांची. आत्या म्हणाली, "या सगळ्या तू ने. ही तर तुझ्या आजोबांनी घेतलेली आहे, ती भंगारात जायला नको."

घरी आणून लावली आणि हरखून गेले. 'शूरा मी वंदिले' संपताना लांबवलेला सूर हलकासा वरखाली व्हायचा. ते आंदोलन मला फार आवडायचं. गाताना मी त्याची नक्कलही करायचे. वर्षभराने एका जाणत्या संग्राहकाने तबकडी फिरताना बाजूने पाहिली आणि सांगितलं, "ताई, हिचं भोक मध्यावर नाही. सूर हलतोय तो त्यामुळे." दुसरी प्रत लावून ऐकली तर तोच सूर अगदी स्थिर लागलेला, सरळ रेषेसारखा. वर्षभर मी एका छिद्रातली चूक गायिकेच्या नावावर जमा करत होते.

हा लेख त्या वर्षातून आला आहे. आधी कुणीतरी गाजवलेलं गाणं दुसरं कुणी पुन्हा गातं, तेव्हा सगळी गंमत बारीक फरकांत असते. तान कुठे उचलली, शब्द कुठे तोडला, श्वास कुठे घेतला, एवढ्यावर सगळं अवलंबून. धूळ, झिजलेली सुई किंवा चुकलेला वेग नेमके हेच फरक खातात, नाहीतर नसलेले फरक तयार करतात. म्हणून गायिकेचं काय आणि यंत्राचं काय हे वेगळं करता येईपर्यंत काम पुरं होत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी थोडं गाण्यांविषयी

आशाबाईंचे वडील मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचा जन्म २९ डिसेंबर १९०० चा. १९१८ मध्ये त्यांची बळवंत संगीत मंडळी ही नाटक कंपनी उभी राहिली आणि २४ एप्रिल १९४२ ला ते गेले, वय अवघं एक्केचाळीस. आशाबाई तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. वडिलांची जी गाणी पुढे त्यांनी गायली, ती घरात कानावर पडलेली होती आणि मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या, म्हणजे ७८ च्या तबकड्यांवरही होती.

त्यातली 'युवती मना', 'चंद्रिका ही जणू' आणि 'शूरा मी वंदिले' ही 'मानापमान'मधली पदं. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं, १९११ चं. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. गिरगावातल्या खाडिलकर रोडला नाव आहे ते याच खाडिलकरांचं. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान' झालं, त्यात बालगंधर्वांची भामिनी होती आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. म्हणजे आशाबाईंच्या गळ्यात येईपर्यंत ही पदं कितीतरी मोठ्या गळ्यांतून फिरून आली होती. टेंब्यांची चाल, दीनानाथांचा ढंग आणि त्यावर मुलीचा आवाज, असे तीन थर एका गाण्यात आहेत. तिसरा थर ऐकायचा तर दुसरा कानात असावा लागतो. त्याकडे पुढे येते.

पहिली पायरी: शोध

दुकानात जाण्याआधी नातेवाइकांना फोन करा. गिरगाव, दादर, पार्ले, ठाणे इथल्या जुन्या मराठी घरांत नाट्यगीतांच्या तबकड्या अजून आहेत. इमारत पाडायला निघाली की आधी भांडी, मग कपाटं आणि शेवटी 'हे काय करायचं' म्हणून तबकड्या खाली येतात. तिथून त्या रद्दीवाल्याकडे जातात. त्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही तिथे असणं महत्त्वाचं. शब्द टाकून ठेवा.

दुसरी जागा अर्थात चोरबाजार. मटण स्ट्रीटवर जुन्या वस्तूंच्या दुकानांत तबकड्यांचे गठ्ठे असतात. शुक्रवारी ही दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर वेगळाच बाजार भरतो, तेव्हा तो वार टाळा. मी सकाळी अकराच्या सुमारास जाते, गर्दी व्हायच्या आत. हिंदी सिनेमाच्या तबकड्या दर्शनी मांडलेल्या असतात आणि भावही त्यांचाच चढा असतो. मराठी माल बहुतेक वेळा खाली किंवा मागे असतो, तोही भजनं, लावण्या, नाट्यसंगीत सगळं एकत्र. "मराठी पाहिजे" एवढंच म्हणालात तर समोर ढीग येईल. गायिकेचं नाव आणि 'नाट्यगीत' असं स्पष्ट सांगितलंत, तर दुकानदाराला आठवतं.

काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं. माहीमच्या रिव्हॉल्व्हर क्लबसारख्या दुकानांत नव्या तबकड्या आणि यंत्रं पाहायला मिळतात. जुन्या तबकड्यांविषयी खात्रीने बोलणारी माणसं हवी असतील, तर १९९० मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचं काम जरूर पाहा. ७८ च्या तबकड्यांविषयी मला जे कळलं त्यातलं बरंचसं अशा संग्राहकांच्या बैठकांत बसून कळलं.

दुसरी पायरी: हातात काय आहे ते ओळखणं

नाट्यगीतं मोठ्या एलपीवरही निघाली आणि छोट्या ईपीवरही, आणि गाण्यांची निवड दरवेळी सारखी नसते. १२ इंची एलपी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी फिरते, एका बाजूला साधारण वीस मिनिटं. ७ इंची ईपी ४५ ने फिरते, बहुतेक वेळा दोन्ही बाजू मिळून चार गाणी. कव्हरवर विसंबू नका. कव्हर एका तबकडीचं आणि आत दुसरीच, हे चोरबाजारात रोज घडतं. तबकडी बाहेर काढून मधल्या लेबलावरची गाण्यांची नावं वाचा, दोन्ही बाजूंची.

एचएमव्हीच्या तबकडीवर क्रमांकाआधी अक्षरं असतात. ईसीएलपी असेल तर मोनो (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज) आणि ईसीएसडी असेल तर स्टिरिओ (डावा-उजवा आवाज वेगळा). हे टिपून ठेवा, वाजवताना उपयोगी पडणार आहे. लेबल आणि शेवटची खाच यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला एक क्रमांक दिसेल. आपल्याकडे दोन प्रती असल्या आणि हे क्रमांक वेगळे असले, तर त्या वेगवेगळ्या वेळच्या किंवा वेगळ्या साच्याच्या असू शकतात. दोन्ही ऐकाव्यात. माझ्याकडची नवी दिसणारी प्रत जुन्या प्रतीहून डोक्यात जाईल इतकी कर्कश आहे.

तिसरी पायरी: घेण्याआधीची तपासणी

इथे घाई केली की पैसे गेलेच. दुकानात उजेड कमी असतो, म्हणून तबकडी दारापर्यंत न्या आणि उन्हात तिरपी धरा. मोबाइलचा टॉर्चही चालतो, पण तो बाजूने मारा, वरून नाही. वरून मारलेल्या उजेडात सगळंच चकाकतं.

दिसणारा प्रत्येक चरा वाईट नसतो. कव्हरातून आतबाहेर करताना पडलेले केसासारखे चरे पुष्कळदा ऐकूही येत नाहीत. नखाने हलकेच चाचपा. नख अडकलं तर सुईही अडकणार. मधून कडेकडे जाणारा आडवा चरा असेल, तर तो प्रत्येक फेरीला एकदा 'टक्' करेल. ३३⅓ च्या तबकडीची एक फेरी १.८ सेकंदांची. म्हणजे हाच आवाज ठरलेल्या अंतराने येत राहील आणि पदाच्या ठेक्याशी भांडत राहील.

चऱ्यांपेक्षा झीज घातक असते आणि ती लपलेली असते. घराघरांतल्या जुन्या पेटी-प्लेअरांच्या सुईचा भार पाच ग्रॅम किंवा त्याहून जास्त असायचा, सुई वर्षानुवर्षं बदलली जायची नाही. अशा यंत्रावर आवडतं गाणं शंभर वेळा वाजलं की खाचेच्या भिंती घासून जातात. तिरप्या उजेडात काळी खोल चमक दिसायला हवी, तिथे करडी राखाडी छटा दिसते. ती धुतल्याने जात नाही.

म्हणून दुकानदाराला लावून दाखवायला सांगाच. बहुतेकांकडे यंत्र असतं आणि ते नाही म्हणत नाहीत. पण पहिलं गाणं ऐकून खूश होऊ नका. सुई उचलून प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यावर ठेवायला सांगा. तबकडी एकाच वेगाने फिरते, पण कडेला सुईखालून सेकंदाला साधारण अर्धा मीटर खाच सरकते आणि मध्याजवळ जेमतेम वीस सेंटिमीटर. तेवढंच गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं, त्यामुळे झीज तिथे आधी बोलते.

बोलते कशी, तर 'स', 'श', 'च', 'छ' या अक्षरांतून. 'शूरा' हा शब्द यासाठी अगदी नेमका आहे. चांगल्या प्रतीवर 'शू' मऊ येतो, ओठांतून हवा सुटल्यासारखा, आणि लगेच 'रा'वर आवाज उघडतो. झिजलेल्या प्रतीवर त्याच 'शू'त वाळू घासल्यासारखी खरखर येते आणि 'रा'ची सुरुवात त्यात बुडते. आशाबाईंच्या शब्दोच्चारावर ज्यांचं प्रेम आहे त्यांनी असली प्रत कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. टकटक मी सहन करते. बिघडलेला 'श' नाही सहन होत.

शेवटी तबकडी फिरताना दोन गोष्टी बघा. कडेने बघितल्यावर सुईचा हात वरखाली होत असेल तर तबकडी वाकलेली आहे. वरून बघितल्यावर तो डावी-उजवीकडे झुलत असेल तर भोक मध्यावर नाही. हीच माझ्या आत्याच्या प्रतीची गोष्ट. लांबवलेला सूर दर १.८ सेकंदांनी एकदा, घड्याळासारखा हलत असेल, तर ते तबकडीचं काम. माणसाचं आंदोलन इतकं नियमित नसतं.

चौथी पायरी: धुणं

जुनी तबकडी घरी आणली की धुतल्याशिवाय सुई ठेवायची नाही. खाचेत धूळ, तेलकट बोटांचे ठसे आणि मुंबईची बुरशी असते. सुई त्या सगळ्यावरून घासत गेली की भिंती खरवडल्या जातात.

त्याआधी एक खात्री करा. जाड, जड, वाजवली तर बशीसारखी किणकिणणारी आणि पडली तर फुटणारी तबकडी ७८ ची, म्हणजे लाखेची. तिला अल्कोहोल चुकूनही लावायचं नाही, लाख त्यात विरघळते. एलपी आणि ईपी व्हिनाइलच्या असतात, त्या लवचीक आणि हलक्या. खालची कृती त्यांच्यासाठी.

लागतं ते एवढंच: केमिस्टकडून आणलेलं डिस्टिल्ड वॉटर, भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब, दोन मऊ मायक्रोफायबर फडकी, नवा मऊ ब्रश आणि दोन स्वच्छ टॉवेल. एसीच्या पाइपमधून गळणारं पाणी डिस्टिल्डच असतं असं सांगणारे भेटतील. ते वापरू नका, त्यात यंत्रातली धूळ आणि बुरशी उतरलेली असते. नळाचं पाणी वाळल्यावर क्षार मागे ठेवतं.

टॉवेल टेबलावर पसरून तबकडी आडवी ठेवा. लेबल कोरडं राहिलं पाहिजे. मी त्यावर स्टीलची छोटी वाटी उपडी ठेवते, तळाशी रबराचं वायसर लावून. आधी कोरड्या ब्रशने वरची धूळ गोलाकार काढा. मग अर्धा लिटर पाण्यात साबणाचे थेंब घालून ब्रश त्यात बुडवा आणि खाचांच्या दिशेने, म्हणजे गोल, फिरवा. आडवा कधीच नाही. दोन-तीन मिनिटं हलक्या हाताने. बुरशीचे पांढरे ठिपके चिवट असतील, तर पाण्यात दहा-वीस टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल घालून तेवढ्याच जागी वापरा. मग साबण पूर्ण जाईपर्यंत नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोन वेळा धुवा. हा भाग लोक उरकतात आणि मग 'धुऊन जास्त खरखर झाली' म्हणतात. ती उरलेल्या साबणाची असते. फडक्याने टिपा, घासू नका, आणि भांड्यांच्या स्टँडवर उभी करून पंख्यापासून लांब वाळवा. पंखा धूळच उडवतो.

पाणी साध्या तापमानाचं हवं. सुरुवातीला मी एक ईपी कढत पाण्यात बुडवली, बुरशी मरेल म्हणून. पाच मिनिटांत तिची कड पापडासारखी वळली आणि ती पुन्हा कधीच सरळ झाली नाही. त्याच कारणासाठी तबकडी उन्हातल्या गाडीत ठेवायची नाही, चोरबाजारातून आणतानासुद्धा.

वाळल्यावर जुन्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत परत घालू नका. ती पिशवी कालांतराने चिकटते आणि तबकडीवर धुरकट पट्टे सोडते. नव्या कागदी किंवा अँटिस्टॅटिक आतल्या पिशव्या घ्या. जुनी पिशवी, छापील मजकूर असेल तर, कव्हरात वेगळी जपा.

पाचवी पायरी: वेग आणि सुई

मुंबईत परदेशातून आणलेली यंत्रं पुष्कळ फिरतात. अमेरिकेतून आलेल्या काही जुन्या यंत्रांची मोटर तिथल्या ६० हर्ट्झच्या विजेवर बेतलेली असते. आपली वीज ५० हर्ट्झची. नुसता ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळवलं, तरी मोटर मंदच फिरते आणि ३३⅓ च्या जागी सुमारे २८ फेऱ्या होतात. आवाज जवळजवळ तीन पट्ट्या खाली येतो. आशाबाई जडावलेल्या, थकलेल्या वाटतात. घेताना मोटर कुठल्या विजेची आहे हे विचाराच. मोटर डीसी असेल तर ही अडचण नाही.

थोडा वेग चुकला तरी फरक पडतो. सहा टक्के मंद झालं की काळी एकची पांढरी एक होते, म्हणजे सूर एक पट्टी उतरतो. वेग तपासायला स्ट्रोब तबकडी वापरा, कागदावर छापूनही मिळते. ५० हर्ट्झच्या विजेवर ३३⅓ साठी तिच्यावर १८० रेघा असतात. वेग बरोबर असला की पूर्वी ट्यूबलाइटखाली त्या स्थिर दिसत. आताचे एलईडी दिवे तसे लुकलुकत नाहीत, म्हणून त्यासाठीचा छोटा स्ट्रोब दिवा किंवा मोबाइलचं वेग मोजणारं ॲप बरं. घरी पेटी असेल तर तबकडी लावून षड्ज शोधा. तो दोन पट्ट्यांच्या मधोमध अडकला, तर वेगावर संशय घ्या. (ध्वनिमुद्रणात वाद्यंच थोडी चढी किंवा उतरी लावलेली असू शकतात, म्हणून दोन-तीन तबकड्यांवर तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.)

सुईचं थोडक्यात. यंत्र सपाट आहे ना ते बुडबुड्याच्या लेव्हलने बघा. सुईचा भार कार्ट्रिजच्या (सुई जिच्यात बसते त्या डबीच्या) पत्रकात दिलेला असतो, बहुतेक आधुनिक कार्ट्रिजचा दीड ते अडीच ग्रॅम. माझ्या यंत्रावर २ ग्रॅम आहे. भार अंदाजाने लावू नका, छोटा डिजिटल काटा घ्या. फार हलका भारही वाईट, सुई खाचेत उड्या मारते आणि भिंतींना ठोकते. हिऱ्याची सुई पाचशे ते हजार तास टिकते, जुन्या यंत्रांतली नीलमण्याची त्याच्या मानाने फारच थोडे. जुनं यंत्र मिळालं तर पहिला खर्च सुईवर करा. आणि एलपीची सुई ७८ ला चालत नाही. ७८ ची खाच रुंद असते, तिला सुमारे तिप्पट-चौपट जाड टोकाची सुई लागते.

तबकडी मोनो असेल, लेबलावर ईसीएलपी असेल, तर ॲम्प्लिफायरचं मोनोचं बटण दाबा. मोनो तबकडीत गाणं सुईच्या आडव्या हालचालीत असतं, तर धुळीची बरीच खरखर उभ्या हालचालीतून येते. डावा-उजवा आवाज एकत्र केला की दोन्हींतली ती खरखर एकमेकीला मारते आणि आवाज मध्ये येऊन बसतो. पैसा न घालता इतका फरक दुसऱ्या कशानेही पडलेला मी पाहिलेला नाही.

सहावी पायरी: दोघांना ऐकणं

आता खरं काम. एक संध्याकाळ मोकळी ठेवा. पंखा बंद, खिडकी बंद, फोन दुसऱ्या खोलीत.

एकच पद निवडा, सगळी बाजू नाही. आधी दीनानाथांचं ध्वनिमुद्रण ऐका. ७८ ची तबकडी नसली तर डिजिटल प्रत चालेल. तिची खरखर पहिली दोन मिनिटं डोक्यात बसते, मग कान तिच्या पलीकडे जातो, त्याला वेळ द्या. एक लक्षात ठेवा: ७८ च्या एका बाजूवर साडेतीन मिनिटांच्या आत सगळं बसवावं लागे. रंगभूमीवर वन्स मोअर घेत फुलणारं पद तिथे घाईने बांधलेलं असतं. दीनानाथांच्या ताना आधीच चपळ, कधी कुठून उडी घेतील सांगता येत नाही, आणि त्यात वेळेचं हे बंधन. त्यांची घाई कुठली आणि तबकडीची कुठली, हा प्रश्न मनात ठेवून ऐका.

मग आशाबाईंचं तेच पद. आणि मग पुन्हा दीनानाथांचं. हा क्रम मी सोडत नाही. दुसऱ्यांदा वडील ऐकताना कळतं की मुलीने काय ठेवलं आणि काय सोडलं. पहिल्यांदा ऐकताना नुसतं गाणं ऐकू येतं.

वही घेऊन बसा आणि तीनच गोष्टी टिपा. ध्रुवपद किती वेळा येतं आणि दरवेळी कुठल्या अक्षरावर वजन पडतं. पहिली तान कुठल्या शब्दानंतर येते. आणि श्वास कुठे घेतला आहे. श्वासाचं टिपण मला सगळ्यांत जास्त शिकवून गेलं. श्वास जिथे, तिथे शब्दाचा तुकडा पडतो आणि अर्थही तिथेच वळतो. सिनेमाच्या मायक्रोफोनसमोर हजारो गाणी गाऊन तयार झालेला गळा शब्दाला कसा जवळ घेतो आणि मायक्रोफोनशिवाय नाटकगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायला घडलेला गळा शब्द कसा फेकतो, हे त्या टिपणांत आपोआप उतरतं. एकाच चालीतली ही दोन वेगळी जगं आहेत.

शंका आली की यंत्राला आधी विचारा. सूर हलला? १.८ सेकंद मोजा. 'श' फाटला? सुई पुसा, मोनो करा, पुन्हा ऐका. शब्द दबला? दुसऱ्या प्रतीवर किंवा डिजिटल प्रतीवर पडताळा. यंत्राची सगळी उत्तरं संपल्यावर जे उरतं ते गायिकेचं. आत्याच्या तबकडीवर असं करत गेले तेव्हा हेलकावा गळून पडला, पण तानेच्या आधीची एक बारीक थांबण उरली. आधी ती हेलकाव्याखाली लपली होती. तिन्ही प्रतींत ती आहे. ती आशाबाईंचीच.

सातवी पायरी: प्रत करून ठेवणं

तबकडी प्रत्येक वेळी थोडी झिजते. रोजच्या ऐकण्यासाठी आणि वहीतल्या टिपणांसाठी डिजिटल प्रत करा. फोनो प्रीॲम्पमधून (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारं उपकरण) यूएसबी इंटरफेसमध्ये आणि तिथून लॅपटॉपवर. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, फ्लॅक या दर्जा न घालवणाऱ्या स्वरूपात जपा. सर्वांत मोठा आवाजही लाल पट्टीला लागणार नाही एवढी पातळी ठेवा. खरखर काढणारं बटण हात आखडता घेऊन वापरा. जास्त दाबलं की खरखरीबरोबर 'स' आणि श्वास दोन्ही जातात, म्हणजे ज्यासाठी खटाटोप केला तेच जातं. मूळ प्रत न बदलता वेगळी ठेवा.

ही प्रत स्वतःसाठी. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो आणि काव्य, चाल यांचे हक्क वेगळे असतात. तेव्हा यूट्यूबवर चढवू नका.

आठवी पायरी: पावसाळ्याआधी

मुंबईच्या जुलैत हवेतली आर्द्रता बहुतेक दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर असते. तबकडी तग धरते, कव्हर धरत नाही. ज्या भिंतीला बाहेरून पावसाचा मार लागतो तिच्या कडेला कपाट ठेवू नका. तबकड्या उभ्या, सरळ, फार घट्ट नाहीत आणि तिरक्या तर नाहीतच. आडवी चळत केली की खालच्या वाकतात. शंभर एलपींचं वजन पंचवीस-तीस किलो भरतं, फळी तेवढी हवी. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या महिन्यातून एकदा तापवून कोरड्या करा. डांबराच्या गोळ्या नकोत, तो वास कव्हरात मुरतो आणि कधीच जात नाही.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी सगळी कव्हरं बाहेर काढते आणि सावलीत, हवेशीर जागी दोन तास उभी करते. मऊ कोरड्या ब्रशने पुसून, नव्या पुड्या घालून परत लावते. आत्या आता ठाण्याला राहते. त्या रविवारी ती येते, खुर्ची ओढून बसते आणि अकरा मोजून घेते. मग तिच्यासाठी दुसरी, सरळ सुराची प्रत लावते. गेल्या वर्षी ऐकून झाल्यावर म्हणाली, "आमच्याकडची जरा हलायची, नाही?" इतकी वर्षं तिला ते ठाऊक होतं.